सोयरिकीच्या दिवशीचा धूर

गाडी धूर कशामुळे सोडते आहे, हे मला गावाची शीव ओलांडायच्या आतच कळलं होतं. साळा चालवत होता, मी मागे बसलो होतो. एका वळणावर मान फिरवली तर आमच्या मागे निळसर पांढरा पट्टा रस्त्यावर लोंबत होता आणि त्याला जळक्या तेलाचा वास होता. त्या इंजिनात सकाळी तेल ओतणारा मीच. तरी मी बोललो नाही. पुढे दिवसभर जे काही झालं ते ह्या न बोलण्यातून झालं.

साळा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आरमोरीकडच्या एका खेड्यात त्याची धानाची शेती आहे, हंगामात दुसऱ्याचा हार्वेस्टरही चालवतो. तिशी उलटून गेली होती आणि लग्न जमत नव्हतं. मुलगा शेतीत आहे म्हटलं की समोरचा माणूस फोनवर एकदम गोड बोलायला लागायचा, आणि परत त्याचा फोन यायचा नाही. असं किती वेळा झालं ते सासूबाईंनी मोजणं सोडून दिलं होतं. त्या वर्षी धान निघाल्यावर वैरागडच्या पलीकडून एक स्थळ आलं. मुलगी बारावी झालेली, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. मुलीच्या बापाने निरोप दिला, आधी दोघंच या, गाजावाजा नको.

सासऱ्यांचे गुडघे गेलेले. त्यामुळे आपोआपच ठरलं की जवाईबापू जातील.

आमच्याकडे जावयाचं काय असतं ते सांगायला हवं. सासुरवाडीत मी गेलो की बाजेवर नवी चादर येते. मी म्हटलं पाऊस येईल तर सगळे आभाळाकडे बघतात. माझ्या चुकीला तिथे कोणी चूक म्हणत नाही. इतक्या वर्षांत मला ह्याची सवय झाली होती, आणि सवय झाली आहे हे लक्षातही राहिलं नव्हतं.

गाडी सासऱ्यांची, जुनी, किकवर चालू होणारी. साळ्याने ती दागिन्यासारखी ठेवली होती. आदल्या संध्याकाळी त्याने ती विहिरीजवळ धुतली, चेनला तेल दिलं, इंजिनातलं ऑइल पाहिलं, हवा भरून आणली. जेवताना सासरे मला म्हणाले, "आमचा पोरगा गाडी कशी ठेवते पाहा जवाईबापू. तुमच्या कारखान्यातबी अशी मशीन नसन."

सगळे हसले. मीही हसलो.

मी ऊर्जानगरला वीज केंद्रात आहे, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर. त्या पट्ट्यांच्या गिअरबॉक्समधलं तेल काचेतून पाहायचं, कमी असेल तर भरायचं, हे माझं रोजचं काम. म्हणजे तेल हा माझा प्रांत. सकाळी साळा आंघोळीला गेला तेव्हा मी अंगणात गाडीपाशी गेलो. गाडी साइड स्टँडवर होती. मी ऑइलची पट्टी काढली, पुसली, बुडवून पुन्हा काढली. टोक जेमतेम ओलं. गाडीला लावलेल्या पेटीत ऑइलचा नवा डबा होता, सीलबंद. त्यातलं अर्धं ओतलं, डबा पुन्हा ठेवला आणि हात धुतले.

आमचे गिअरबॉक्स काँक्रीटला बोल्टने जखडलेले असतात. ते कधी कलत नाहीत. साइड स्टँडवरची गाडी डावीकडे कलते, तेल डावीकडे सरकतं, आणि पट्टी असते उजवीकडे. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून पाहिली असती तर पट्टीवर तेल जिथे हवं तिथेच दिसलं असतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या सकाळी मी ते ध्यानात घेतलं नाही, इतकंच म्हणतो सध्या.

"भाऊजी, गाडी धूर देऊन राह्यली का?" साळ्याने पुढूनच विचारलं.

"थोडा आहे. थंडी आहे ना. गरम झाली की जाईल."

हे पहिलं खोटं.

वैरागड मागे टाकल्यावर दाट जंगलाचा पट्टा लागतो. तिथे वन खात्याची पाटी आहे, थांबू नका म्हणून. त्या भागात वाघाने माणसं नेली आहेत, आणि हल्ली हत्तीही फिरतात, लोकांचे धानाचे पुंजणे, कापून रचलेले ढीग, तुडवून जातात. त्या पट्ट्यात साळा गाडी जोरात काढत होता, आणि जितकी जोरात काढावी तितका धूर वाढत होता. माझ्या मनात एकच चाललं होतं, मुलीच्या दारात पोचेपर्यंत हा विरावा. जास्तीचं तेल थोडं जळून जाईल, मग गाडी आपोआप ठीक होईल.

ती ठीक झाली नाही. आम्ही त्यांच्या अंगणात शिरलो तेव्हा धूर आमच्याआधी ओसरीवर पोचला. कुत्री भुंकायला लागली. एका बाईने नाकाला पदर लावला. मुलीचे काका ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. उंच, मिशा पांढऱ्या, आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस.

"या पावणे, या," काका म्हणाले. "मच्छर मारायची मशीन संगंच आणली का? ग्रामपंचायतवाले तं दोन साल झाले, आले नाई."

अंगणात हशा झाला. साळ्याने गाडी बंद केली आणि हसायचा प्रयत्न केला. आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं. आम्ही बसलो. मुलीचा बाप बारीक आवाजाचा, शांत माणूस होता. शेती किती, पाण्याची सोय काय, हे विचारून झालं. मुलगी पोहे घेऊन आली. तिने सगळ्यांना बशा दिल्या, आणि परत जाताना दारात थांबून गाडीकडे एकदा पाहिलं. सायलेन्सरमधून अजून बारीक धूर निघत होता. साळ्यानेही तिचं पाहणं पाहिलं. बशी त्याच्या हातातच राहिली.

"कालच तं ऑइल पाह्यलं होतं जी," तो कोणी न विचारता म्हणाला.

"पाह्यलं होतं?" काका म्हणाले. "रिंगा गेल्या वाटते. ऑइल खाऊन राह्यली. गाडी कोण पाहते तुमच्या घरी?"

प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मोठा माणूस मी. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "हाच पाहतो. आम्ही कोणी हातही लावत नाही."

हे वाक्य मी घरी आजवर कोणाला सांगितलं नाही. घरात जी गोष्ट सांगतात त्यात भाऊजी गप्प बसले असं येतं. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. मी बोललो होतो, आणि चांगल्या स्वच्छ आवाजात बोललो होतो.

काका साळ्याकडे वळले. "मंग पोरीलेबी असाच पाहशीन का बाप्पा?"

ह्यावेळी कोणी मोठ्याने हसलं नाही. बायका आत गेल्या. साळ्याने मान खाली घातली आणि पोहे संपवायला लागला, एकेक घास, जणू ते संपवणं हेच आता त्याच्या हातात होतं. तो माझ्याकडे एकदाही वळला नाही. वळायचं कारणच नव्हतं, मी खरं बोललो असं तो धरून चालला होता. खरंच तर होतं, गाडी तोच पाहायचा.

मुलीचा बाप निघताना म्हणाला, "कळवतो."

आमच्या भागात मुलीचा बाप कळवतो म्हणाला की काय समजायचं, हे साळ्याला आता कोणी शिकवायची गरज नव्हती.

गाडी चालू व्हायला बऱ्याच किका लागल्या. ओसरीवरून सगळे बघत होते. चालू झाली तेव्हा असा लोट उठला की आम्हाला निरोपाचे नमस्कारही धड दिसले नाहीत.

जंगलाचा पट्टा निम्मा झाला असेल, गाडी फटफट करायला लागली, मग दोन आचके दिले आणि बंद पडली. साळ्याने ती तशीच घरंगळत रस्त्याच्या कडेला नेली. दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना सागाची वाळकी पानं पडलेली, त्यांत खारीनेही पाय टाकला तरी आवाज व्हायचा.

"ऑइल जळून जळून सरलं असन," साळा म्हणाला. "टाकून पाहू." त्याने पेटी उघडून डबा काढला, हलवला. "अबे! हा तं भरलेला होता." त्याने झाकण पाहिलं. "सील तोडलेलं आहे. त्या दुकानदारानं मले अर्धा डबा देल्ला का?"

मला आयती वाट मिळाली होती. मी फक्त हं म्हणायचं होतं. उरलेलं तेल तो त्या भरलेल्या इंजिनात ओतणार होता, मग गाडी जागची हलली नसती, आणि ते खापर कायमचं त्याच्या आणि कुठल्याशा दुकानदाराच्या डोक्यावर फुटलं असतं. त्याने झाकण फिरवलं. डबा तिरपा केला. मी त्याचं मनगट धरलं.

"टाकू नको."

"काऊन?"

"कमी नाही झालं. जास्त झालं आहे."

"तुमाले कसं माहीत?"

तेवढ्यात आत कुठेतरी वानर खाकरलं. एकदा, मग लागोपाठ. आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो. वाघ-बिबट्याची चाहूल लागल्याशिवाय वानर असं खाकरत नाही, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं. झाडीत काही हललं नाही.

"बोला भाऊजी," साळा हळूच म्हणाला. "मोठ्यानं बोला. इथी चुप नाई राहाचं. जनावराले मानसाचा आवाज पाह्यजे."

"काय बोलू?"

"काईबी बोला. मी प्लग खोलतो."

तो गुडघ्यावर बसला. आणि मी, ज्याच्या तोंडून घरात दिवसाला चार वाक्यं निघत नाहीत, तो त्या रस्त्यावर उभा राहून ओरडल्यासारखा बोलायला लागलो. "सकाळी मी तेल टाकलं! तू आंघोळीला गेला होता! गाडी साइड स्टँडवर होती, पट्टीवर कमी दिसलं! अर्धा डबा ओतला!" आवाज झाडांवर आपटून परत येत होता. "निघाल्या निघाल्या मला समजलं होतं! थंडीमुळे म्हणालो ते खोटं होतं!"

पाना वाजायचा थांबला. मीही थांबलो.

"बोलत राहा," तो खालूनच म्हणाला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

"काकांनी विचारलं तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं! नाही सांगितलं! तुझ्यावर ढकललं!"

असं कितीतरी वेळ. सगळं बोलून झालं तरी वानर खाकरतच होतं, म्हणून मी तेच पुन्हा सांगितलं, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही. कबुली तिसऱ्यांदा ओरडून देताना माणसाला काय वाटतं ते मला लिहिता येणार नाही.

प्लग काजळीने आणि तेलाने माखला होता. तो साळ्याने फडक्याने पुसला, दगडावर घासला. हवेच्या फिल्टरमधला स्पंज तेलाने निथळत होता, तो पिळून परत बसवला. मग इंजिनाखाली डबा धरून त्याने खालचा नट ढिला केला. तेल गरम होतं. धार त्याच्या बोटांवरून गेली तेव्हा त्याने फक्त दातांतून श्वास ओढला. मी पुढे झालो तर म्हणाला, "तुमी नका लावू हात."

डबा भरत आला तसा त्याने नट आवळला, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली, थोडा वेळ जाऊ दिला आणि पट्टी पाहिली. मला दाखवली नाही. वानर आता गप्प झालं होतं, आणि ते जास्त वाईट वाटत होतं. किक मारल्यावर आधी धुराचा एक मोठा ढग निघाला, मग हळूहळू तो विरळ होत गेला.

"बसा भाऊजी."

"माघारी घे," मी म्हणालो. "त्यांना सांगून येऊ."

"नाई."

"अरे, मी सांगतो. तू उभा राहा फक्त."

"नाई म्हटलं ना. जवाईची मान दुसऱ्याच्या दारात खाली गेली तं बाबाले अन्न जाईन का? लोक म्हणतीन, यांच्या जवायानं सोयरिकीच्या घरी माफी मांगली. जाऊ द्या. दुसरी पाहू." त्याने डबा पेटीत ठेवून झाकण लावलं. "घरी बी सांगू नका. बसा."

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहितो. क्षणभर मला वाटलं, हाच नको म्हणतो आहे, आता माझा काय दोष. मी पायही उचलला होता बसायला. पण बसलो असतो तर त्याच्या पाठीकडे बघत घरापर्यंत जावं लागलं असतं. वाद घालणं मला कधी जमलं नाही. मी वळलो आणि मुलीच्या गावाकडे चालायला लागलो.

"भाऊजी! डोकं फिरलं का? इथी कोणी पायी चालते का?"

मी चालत राहिलो. मला प्रत्येक झुडुपामागे काहीतरी दिसत होतं. मागे त्याने गाडी वळवल्याचा आवाज आला. मग तो माझ्या बाजूने, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने चालवत आला. "बसा ना जी. वाघ नेईन ना तुमाले. ताईले काय सांगू मी?" बऱ्याच अंतरापर्यंत हे असंच चाललं. शेवटी तो म्हणाला, "बरं. जसं तुमाले पटन तसं. बसा," तेव्हा मी बसलो.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. धूर जवळजवळ नव्हता.

"काय विसरलं?" काकांनी विचारलं.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. तेल मी टाकलं, चुकीचं पाहून टाकलं, दुपारी तुम्हाला खोटं सांगितलं, मुलाने गाडी चांगलीच ठेवली होती. जंगलात ओरडून घसा बसला होता, त्यामुळे आवाज घोगरा येत होता. काका काहीतरी बोलणार होते, पण मुलीच्या बापाने हात वर केला.

"एक सांगा जवाईबापू," तो त्याच बारीक आवाजात म्हणाला. "गाडी त्याची. त्यानं काल पाह्यली होती म्हणते. मंग तुमी हात काऊन लावला?"

जंगलात तीन वेळा सांगूनही मी हे सांगितलं नव्हतं. साळा माझ्या शेजारी उभा होता. दाराच्या आत मुलगी होती, बांगड्यांचा आवाज आला होता.

"खोट सापडावी म्हणून," मी म्हणालो. "रात्री जेवताना त्याचं कौतुक झालं ते मला लागलं. पट्टीवर तेल कमी दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा पाहिलं नाही."

साळ्याने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदा सरळ. मग तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

मुलीचा बाप आत गेला. आत बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. काकांनी माझ्याकडे तंबाखूची डबी सरकवली. मी खात नाही, तरी घेतली. बाप बाहेर आला तेव्हा तो माझ्याशी नव्हे, साळ्याशी बोलला.

"पोरगी म्हणते, येत्या बाजाराच्या दिवशी एकटाच ये. संगं मोठा मानूस नको म्हणते."

साळा गेला, एकटाच, त्याच गाडीवर. संध्याकाळी त्याने माझ्या बायकोला फोन करून सांगितलं की जमलं. तिने आनंदाने मला फोन दिला, तोवर तिकडून कट झाला होता. उन्हाळ्यात लग्न झालं. मानपानात माझं काही कमी केलं नाही. काकांनी मांडवात मच्छर मारायच्या मशीनची गोष्ट रंगवून सांगितली, त्यात मी परत जाऊन कबूल करणारा दिलदार जावई होतो. शेवटचा प्रश्न आणि माझं उत्तर त्यांनी सोडून दिलं. तेवढं त्यांनी माझ्यासाठी केलं.

साळा पूर्वी माझी थट्टा करायचा. सासुरवाडीत माझी थट्टा करणारा तो एकटाच होता. माझ्या टकलाला हेडलाइट म्हणायचा. आता दोघं नवराबायको ऊर्जानगरला येतात, ती मोकळेपणी बोलते, आमच्या मुलांना गोष्टी सांगते. तो मी विचारेन तेवढ्याचं उत्तर देतो. हो भाऊजी. नाई भाऊजी. मागच्या वेळी कॉलनीच्या फाटकापर्यंत त्यांना पोचवायला गेलो, ती पुढे गेली होती, तेव्हा मी म्हणालो, "त्या दिवसाचं तुझ्या मनात अजून आहे."

"काई नाई जी," तो लगेच म्हणाला. "तवाच विसरलो मी."

वाकून माझ्या पाया पडला आणि बस पकडायला गेला.